उघड्या दाराचा भाव

मातीकाम करणाऱ्याने आपल्याच घरी, भट्टीच्या शेजारी, ठरलेल्या दिवशी दार उघडून भांडी मांडायची आणि गिऱ्हाइकाने तिथे येऊन, हाताळून ती घ्यायची, या प्रकाराला हल्ली ‘ओपन स्टुडिओ’ म्हणतात. आपल्याकडे शहरांतले स्टुडिओ पॉटर, म्हणजे जातीने कुंभार नसलेले पण मातीकामावर उपजीविका करू पाहणारे लोक, दिवाळीच्या किंवा नाताळच्या आधी असे दोन-तीन दिवस ठेवतात. त्याविषयी जे बोलले जाते ते बहुतेक व्यवस्थेपुरते असते: निमंत्रणे कधी पाठवावीत, टेबले कशी लावावीत, पैसे कोणी घ्यावेत. ही माहिती उपयोगाची आहे आणि पुढे मीही ती देणार आहे. पण या विक्रीच्या बुडाशी एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. हाताने केलेले भांडे शेवटी कोणाच्या घरी जावे, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा? माझे म्हणणे असे की, उघड्या दाराची विक्री यशस्वी झाली की नाही हे संध्याकाळच्या गल्ल्यावरून पूर्ण कळत नाही. भांडी कुठे गेली हेही पाहावे लागते. हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतल्या एका कुंभाराचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण त्याने हे दार अनेक वर्षे उघडे ठेवले आणि शेवटी ते बंदही केले.

स्टिलवॉटरची खोली

वॉरन मॅकेन्झी यांचा जन्म 1924 चा. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये ते चित्रकार होण्यासाठी गेले. मध्ये महायुद्ध आले. परतल्यावर चित्रकलेचे वर्ग भरलेले होते, म्हणून ते मातीकामाच्या वर्गात बसले. तिथे त्यांच्या आणि अलिक्स या सहाध्यायिनीच्या हाती बर्नार्ड लीच यांचे ‘अ पॉटर्स बुक’ हे 1940 साली निघालेले पुस्तक पडले. पुढे पतिपत्नी झालेले हे दोघे लीच यांच्याकडे शिकण्यासाठी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हज या गावी गेले आणि 1952 पर्यंत तिथे राहिले. राहणे लीच यांच्याच घरी असल्यामुळे घरातली जुनी कोरियन आणि जपानी भांडी, लीच यांचे मित्र शोजी हमादा यांची भांडी त्यांच्या रोजच्या वापरात आली. कार्यशाळेत नमुन्याबरहुकूम चालणाऱ्या उत्पादनापेक्षा या जेवणाच्या टेबलाने आपल्याला अधिक शिकवले, अशी मॅकेन्झींची भावना होती.

या मंडळींच्या मागे सोएत्सु यानागी या जपानी विचारवंताचा ‘मिंगेइ’ हा विचार उभा होता. मिंगेइ म्हणजे सामान्यांची कला. नाव नसलेल्या कारागिराने, पुष्कळ संख्येने, रोजच्या वापरासाठी, परवडेल अशा भावात केलेल्या वस्तूत एक सौंदर्य असते, असा त्याचा आशय. दिल्लीच्या मातीकामाचे प्रवर्तक सरदार गुरचरण सिंग हेही तरुणपणी जपानला गेले असता याच वर्तुळाच्या सहवासात आले होते; त्यामुळे हा विचार आपल्याला सर्वस्वी परका नाही.

मॅकेन्झी दांपत्य मिनेसोटा राज्यात परतले आणि सेंट क्रॉइ नदीकाठच्या स्टिलवॉटर गावाबाहेर एका जुन्या शेतघरात त्यांनी चाक आणि भट्टी मांडली. अलिक्स 1962 साली कर्करोगाने गेल्या. वॉरन यांनी तिथेच काम चालू ठेवले. घरी विक्रीची एक खोली होती. फळ्यांवर वाडगे, पेले, किटल्या, झाकणाची भांडी मांडलेली. प्रत्येकाच्या बुडाला किमतीची चिठ्ठी. एका बाजूला टोपली. येणाऱ्याने भांडे निवडायचे, बेरीज आपणच करायची, पैसे टोपलीत टाकायचे, सुटे हवे असतील तर टोपलीतूनच घ्यायचे. विक्रेता नाही, पहारा नाही. किंमत कलादालनांच्या मानाने फारच कमी. ती मुद्दाम कमी होती. पेला महाग झाला की माणूस तो कपाटात ठेवतो, आणि कपाटातल्या पेल्यातून कोणी पीत नाही, हा त्यामागचा साधा हिशेब.

स्वस्ताई कशी परवडली

असा भाव नुसत्या सदिच्छेने टिकत नाही. त्याला तीन आधार होते.

पहिला आधार वेगाचा. मॅकेन्झी एकाच घाटाचे भांडे एका बैठकीत अनेक करत. पन्नास वाडग्यांत प्रत्येकाच्या काठाला थोडा फरक पडतो, हात सैल होतो, आणि एका वाडग्यावर फार वेळ जात नाही. भट्टी एकदा पेटवली की ती अर्धी भरली काय आणि पूर्ण भरली काय, इंधन जवळपास तेवढेच लागते. म्हणून पुष्कळ करणे आणि भट्टी खच्चून भरणे हा स्वस्ताईचा पाया.

दुसरा आधार मधला माणूस नसण्याचा. दुकान किंवा कलादालन विक्रीच्या साधारण निम्मी रक्कम ठेवून घेते. समजा, एक कप दुकानात सहाशे रुपयांना विकला गेला, तर करणाऱ्याच्या हाती तीनशे येतात. तोच कप त्याने घरी चारशेला दिला, तर गिऱ्हाइकाचे दोनशे वाचतात आणि त्याला शंभर जास्त मिळतात. मात्र हे शंभर फुकटचे नव्हेत. मांडणीचे दोन दिवस, विक्रीचे तीन, आवरण्याचा एक, एवढा वेळ चाक बंद असते; तो त्यातच धरावा लागतो. शिवाय ज्या दुकानात आपला माल आहे, त्याच्यापेक्षा घरी कमी भाव लावला तर तो दुकानदार पुढच्या वेळी माल घेईलच असे नाही. म्हणून पुष्कळजण दोन्हीकडे एकच भाव ठेवतात आणि वाचलेला निम्मा भाग स्वतःकडे राहू देतात. ते गैर नाही. पण मग ‘घरची विक्री म्हणून स्वस्त’ असे सांगू नये.

तिसऱ्या आधाराचा उल्लेख मॅकेन्झींच्या गौरवात बहुधा मागे पडतो. 1953 पासून 1990 पर्यंत ते मिनेसोटा विद्यापीठात शिकवत होते. दरमहा पगार येत होता. ज्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडून मातीकाम शिकून केवळ त्यावर जगायचे ठरवले, त्याला गुरूच्या भावाने विकणे कठीण, आणि गुरूची भांडी त्या भावात मिळत असताना जास्त भाव सांगणेही कठीण. स्वस्त विकण्याचे नैतिक मोठेपण मान्य करूनही हा पेच लक्षात ठेवला पाहिजे. दुसऱ्या उत्पन्नावर उभा असलेला माणूस जेव्हा भाव पाडतो, तेव्हा त्याची झळ शेजारच्या चाकाला लागते.

टोपली का उचलावी लागली

विश्वासाच्या टोपलीने वर्षानुवर्षे काम दिले. ती उचलण्याची वेळ चोरीपेक्षा कीर्तीने आणली. मॅकेन्झींचे नाव झाले तसे संग्राहक येऊ लागले. कोणी गाडी भरून नेऊ लागले, आणि आंतरजालावरच्या लिलावांची सोय झाल्यावर खोलीतल्या फळीवरून उचललेला वाडगा कितीतरी पट भावाने दुसरीकडे विकला जाऊ लागला. मॅकेन्झींनी एका गिऱ्हाइकाने किती वस्तू घ्याव्यात याला मर्यादा घातली. पूर्वी ते भांड्याला शिक्का मारत. नावासाठी भांडे घेणारे वाढल्यावर तो त्यांनी बराच काळ मारला नाही. उपयोग फारसा झाला नाही, कारण जाणकार घाट पाहूनच हात ओळखतात. अखेर 2006 च्या सुमारास ती खोली बंद झाली. भांडी करणे मात्र चालूच राहिले. 2018 च्या शेवटच्या दिवशी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ते गेले.

विक्रीच्या नेहमीच्या मापाने पाहिले तर त्या खोलीचे यश पराकोटीचे होते: फळ्या रिकाम्या, मागणी अपुरी. मॅकेन्झींच्या मापाने ती हेतूपासून ढळली होती. शेजारच्या शेतकऱ्यासाठी, शाळेतल्या शिक्षिकेसाठी ठेवलेला भाव मधल्या व्यापाऱ्याचा नफा होऊन बसला होता. किमतीतला फरक कुठे नाहीसा होत नाही. करणाऱ्याने तो घेतला नाही, तर तो वापरणाऱ्यापर्यंत पोचतो किंवा वाटेतच कोणीतरी उचलतो.

अनेक दारे एकाच दिवशी

याच नदीच्या खोऱ्यात या अडचणीला एक वेगळे उत्तर आधीच आकाराला येत होते. 1993 पासून सेंट क्रॉइच्या वरच्या अंगाला राहणारे काही कुंभार मे महिन्यात, मातृदिनाच्या आठवड्याअखेर, एकाच वेळी आपापली दारे उघडतात. यजमान थोडे, पण प्रत्येकजण आपल्या अंगणात बाहेरच्या कुंभारांना पाहुणे म्हणून बोलावतो. सगळ्यांचा मिळून एक नकाशा छापला जातो, आणि लोक गाडी घेऊन एका दारातून दुसऱ्या दारी जातात. या यजमानांत मॅकेन्झींचे शिष्य होते. पण एका माणसाच्या नावाभोवती गर्दी करण्याऐवजी त्यांनी ती खोऱ्यात पसरवली.

या रचनेत शिकण्यासारखे बरेच आहे. पाहुण्याला आपल्या अंगणात जागा देणे म्हणजे आपल्या गिऱ्हाइकाची ओळख दुसऱ्याला करून देणे. वरवर पाहता हा तोटा. पण पाच जणांची भांडी शेजारी शेजारी दिसली की येणाऱ्याचा डोळा तयार होतो: हा पेला हलका, त्याचा काठ ओठाला जाड लागतो, या किटलीची तोटी गळत नाही. डोळा तयार झालेला माणूस नावावरून न घेता भांडे पाहून घेतो, आणि वर्षभरानंतर परत येतो. तारीख पक्की असल्यामुळे त्याला आठवण करून द्यावी लागत नाही. मिनेसोटातला कडक हिवाळा संपून लोक घराबाहेर पडू लागतात तो हा मोसम. आईला भेट द्यायची असते तो हा दिवस. विक्री ऋतूला आणि सणाला बांधली गेली.

आपले जुने दार

इथवर वाचणाऱ्याच्या मनात आले असेल की, यात नवे ते काय? आपल्या कुंभाराचे दार कधी बंद होते? अंगणात चाक, मागे आवा, ओट्यावर उतरंडी. गिऱ्हाईक थेट तिथेच. त्याच्या विक्रीचे वेळापत्रकही सणांनीच आखलेले: संक्रांतीला सुगडे, उन्हाळा लागताच माठ, अक्षय्यतृतीयेला करा-केळी, पोळ्याला मातीचे बैल, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या आणि बोळकी. लग्नाच्या मांडवाची मडकी त्याची आणि अंत्ययात्रेपुढचे मडकेही त्याचेच.

पण साम्य इथे संपते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या 1915 च्या ग्रंथात बलुत्याची पद्धत तपशिलाने आली आहे. कुंभार हा बलुतेदार. वर्षभर गावाला भांडी पुरवायची आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. भांड्याला सुटा भाव नव्हता. नाते आधी ठरलेले होते आणि ते जातीने ठरवलेले होते. त्यात एक सुरक्षितता होती. पण कोणासाठी करायचे, काय करायचे, किती घ्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार कुंभाराकडे नव्हता. खळ्यावर उभे राहून मागावे लागे, आणि देणाऱ्याचा हात वर असे.

म्हणून यानागींचा अनामिक कारागिराचा गौरव मला पूर्ण पटत नाही. हमादा आपल्या भांड्यावर सही करत नसत, तरी भांड्याच्या लाकडी पेटीवर मात्र करत. मॅकेन्झींनी शिक्का बाजूला ठेवला तो हाती असलेला शिक्का होता. आमच्या कुंभाराकडे सोडून देण्यासाठी नावच नव्हते. त्याचे अनामिकपण त्याने निवडलेले नाही. स्वस्त विकण्याचेही तसेच. मॅकेन्झींनी भाव खाली ठेवला ही त्यांची निवड होती, आणि म्हणूनच ते मूल्य ठरले. पणत्यांचा डझनाचा भाव आपण फुटपाथवर उभे राहून पाडून मागतो, तेव्हा तिथे निवड कुंभाराची नसते.

स्टुडिओत हेच गिऱ्हाईक निमूटपणे कपाला सातशे-आठशे देते. याचे एक कारण मातीतच आहे. आव्यातले भांडे साधारण सातशे ते नऊशे अंश सेल्सिअसवर भाजते आणि सच्छिद्र राहते. पाणी पाझरते, बाहेर त्याची वाफ होते, म्हणून माठ गार. स्टोनवेअरची भट्टी सुमारे साडेबाराशे ते तेराशे अंशांपर्यंत नेतात. माती घट्ट होते, वरची झिलई काचेसारखी वितळते, इंधन आणि कच्चा माल महाग पडतो. भावातला काही फरक त्यामुळे रास्तच आहे. सगळा नाही. उरलेला फरक आपण इंग्रजी बोलणाऱ्या यजमानाला, पांढऱ्या भिंतीला आणि नावाच्या चिठ्ठीला देतो.

दार उघडणाऱ्यासाठी

गेली काही वर्षे पुणे आणि आसपासच्या अशा विक्रींना खरेदीदार म्हणून मी जात आलो आहे. तिथे पाहिलेले आणि मातीकाम करणाऱ्यांशी बोलून समजलेले थोडक्यात सांगतो.

भाव आधी ठरवावा आणि प्रत्येक भांड्यावर लिहावा. न लिहिलेला भाव विचारायला संकोचणारे पुष्कळ असतात, आणि ते न विचारताच निघून जातात. पैसे घेणारा माणूस वेगळा असावा, म्हणजे करणाऱ्याला भांड्याविषयी बोलता येते. हिशेबाच्या वहीत मान घालून बसलेल्या यजमानाशी कोणी बोलत नाही. रद्दी, खोकी आणि सुतळी अंदाजापेक्षा दुप्पट आणून ठेवावी. वाहने कुठे लावायची हे शेजाऱ्यांना आधी सांगावे, आणि पहिला चहा त्यांनाच द्यावा.

भांडी हाताच्या उंचीवर मांडावीत. खाली वाकून कोणी वाडगा निवडत नाही आणि डोक्यावरच्या फळीवरचे उचलायला माणूस घाबरतो. एक जग पाण्याने भरून ठेवावा आणि येणाऱ्याला ओतून पाहू द्यावे. धार तुटते कशी हे कळले की बाकीचे बोलणे कमी लागते. बोटाच्या पेराने वाजवून पाहणाऱ्याला अडवू नये. बाजारात आपल्या बाया माठ असाच वाजवून घेतात; तडा गेलेले भांडे बद्द बोलते, आणि हे स्टोनवेअरलाही लागू आहे.

झिलईला डाग पडलेली, किंचित वाकलेली पण वापरायला धडकी अशी भांडी वेगळ्या टेबलावर, कमी भावात, दोष सांगून ठेवावीत. विद्यार्थी आणि नवा संसार मांडणारे बहुधा याच टेबलाशी थांबतात. ज्यातून पाणी झिरपते किंवा ज्याची झिलई अन्नासाठी सुरक्षित नाही ते मात्र खाण्यापिण्याचे भांडे म्हणून मुळीच विकू नये. आलेल्यांची नावे आणि फोन, त्यांच्या संमतीने, वहीत लिहून घ्यावेत. पुढच्या वर्षीची तारीख याच वर्षी सांगावी.

आणि काही भांडी उशिरा येणाऱ्यांसाठी राखावीत. पहिल्या तासात सर्वोत्तम माल उचलणारे ठरलेले असतात. रोज थोडी नवी भांडी फळीवर काढली, किंवा एका घाटाची दोनच भांडी एकाला दिली, तर नोकरी आटोपून संध्याकाळी येणाऱ्यालाही निवड राहते. स्टिलवॉटरच्या खोलीत ही मर्यादा उशिरा आली. ती पहिल्या दिवसापासून असावी, असे मला वाटते.

याहून मोठी गोष्ट पाहुण्याची. आपल्या शहरांत स्टुडिओ आणि कुंभारवाडा यांच्यात बरेचदा काही मैलांचेच अंतर असते. धारावीचा कुंभारवाडा मुंबईच्या मध्यावर आहे. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांनी तो वसवला, आणि दिवाळीच्या पणत्या तिथून गाड्या भरभरून जातात. सेंट क्रॉइच्या यजमानांप्रमाणे आपल्या स्टुडिओ पॉटरांनी अंगणातले एक टेबल एखाद्या पारंपरिक कुंभाराला द्यावे: त्याच्या नावाने, त्याने ठरवलेल्या भावाने, आणि विक्रीत आपला हिस्सा न ठेवता. माठ आणि कप शेजारी शेजारी दिसू द्यावेत. दोन्हींचा भाव लिहिलेला असला, की आठशेचा कप मुकाट्याने घेणाऱ्या माणसाला त्याच अंगणात माठाचा भाव पाडून मागणे जड जाईल. त्याने तरीही मागितला, तर नाही म्हणण्याचा अधिकार त्या टेबलामागच्या माणसाचा असेल. बलुत्याच्या खळ्यावर नेमका तोच त्याच्या पणजोबाला नव्हता.